'आय अ‍ॅम अ सर्जन': मीमच्या मागची खरी गोष्ट

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या एपिसोडचा मजकूर. बोललो तसंच लिहिलंय, मधले 'अंऽऽ' आणि 'म्हणजे कसंय ना' तेवढे काढून टाकलेत.

सुरुवात एका मीमपासून करतो. २०२३ मध्ये रील्सवर एक क्लिप जोरात फिरत होती, तुम्हीही पाहिली असणार. निळ्या कपड्यातला एक तरुण डॉक्टर आपल्या साहेबासमोर उभा आहे आणि तेच तेच वाक्य ओरडतोय, "आय अ‍ॅम अ सर्जन! आय अ‍ॅम अ सर्जन!" लोकांनी त्याची गाणी केली, आवाज बदलले, ऑफिसच्या मॅनेजरवर जोक केले. मीही ती क्लिप आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकली. काकांचे हसरे इमोजी आले, मावसबहिणीचे आले. आणि मग आतेभावाचा मेसेज आला.

"दादा, यात हसण्यासारखं काय आहे? तो सर्जनच आहे."

माझा आतेभाऊ ऑटिस्टिक आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. त्याचं नाव मी सांगणार नाही, एपिसोडमध्ये येण्यासाठी त्याने तीच अट घातली होती. सोलापुरात राहतो, सायन्सला आहे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्डा भरतो तेव्हा तो त्या बाजूला फिरकत नाही, कारण पाळण्यांचे भोंगे आणि गर्दी त्याला सहन होत नाही. पण सिद्धेश्वर तलावावर कोणता पक्षी कोणत्या महिन्यात येतो ते तारखेसकट सांगतो. पाचव्या वर्षी निदान झालं. तोपर्यंत आमच्या घरात सगळे म्हणायचे, "मुलगा जरा अबोल आहे, आजोबांवर गेलाय."

तो मेसेज वाचून मी मीम डिलीट केलं. दिवाळीला हुतात्मा एक्स्प्रेसने घरी गेलो, तेव्हा आत्या जेवायला वाढता वाढता म्हणाली, "तू एवढा कॉम्प्युटरवर बसलेला असतोस, मला एक सांग. याला डॉक्टर होऊ देतील का रे?"

मी म्हटलं, "न द्यायला काय झालं? मार्क पडले की झालं."

आत्या म्हणाली, "नियम वाचलास का?"

नव्हता वाचला. मग वाचला. आजचा एपिसोड म्हणजे ते वाचन आहे.

आधी मालिकेबद्दल

'द गुड डॉक्टर' ही मालिका अमेरिकेत एबीसी चॅनलवर २५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झाली आणि मे २०२४ मध्ये संपली. सात सीझन, १२६ भाग. शॉन मर्फी नावाचा ऑटिस्टिक तरुण वायोमिंगसारख्या आडबाजूच्या राज्यातून सॅन होजेच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये सर्जन व्हायला येतो. ही भूमिका फ्रेडी हायमोर या ब्रिटिश नटाने केली.

पण गोष्ट मूळची अमेरिकेची नाहीच, कोरियाची आहे. 'गुड डॉक्टर' याच नावाने २०१३ मध्ये केबीएस वाहिनीवर २० भागांची मालिका आली. तिथला हिरो लहान मुलांचा सर्जन. ती पाहून डॅनियल डे किम या कोरियन-अमेरिकन नटाने हक्क घेतले. पहिल्या खेपेला अमेरिकेत जमलं नाही. मग डेव्हिड शोर आले, 'हाऊस' मालिकेचे निर्माते, आणि गाडी रुळावर आली. पुढे २०१८ मध्ये जपानने आपली आवृत्ती काढली, २०१९ मध्ये तुर्कस्तानने. चार देश, चार भाषा, गोष्ट तीच.

पहिल्या भागाची रचना बघा. एका बाजूला विमानतळावर काचेचा मोठा बोर्ड एका मुलाच्या अंगावर कोसळतो आणि शॉन हाताला लागेल त्या वस्तूंनी त्याचा जीव वाचवतो. दुसऱ्या बाजूला हॉस्पिटलच्या बोर्डरूममध्ये साहेब लोक बसून वाद घालतायत, या मुलाला घ्यायचं की नाही? हॉस्पिटलचे प्रमुख डॉ. ग्लासमन त्याच्यासाठी आपली खुर्ची पणाला लावतात. शेवटी विमानतळाचा व्हिडिओ व्हायरल होतो आणि बोर्ड हो म्हणतं.

आता मीमवाला सीन. तो दुसऱ्या सीझनमधला, २०१९ च्या सुरुवातीचा. नवीन सर्जरी प्रमुख डॉ. हान येतात. ते म्हणतात, तुझं ज्ञान उत्तम आहे, पण पेशंटशी बोलणं जमत नाही, म्हणून तू पॅथॉलॉजीत जा. मायक्रोस्कोपसमोर बस. तिथे तू हुशारही ठरशील आणि कुणाला त्रासही होणार नाही. शॉन परत येतो आणि मला सर्जरीत घ्या म्हणतो. साहेब नाही म्हणतात. तेव्हा तो ओरडतो. आणि गंमत म्हणजे डॉ. हानचं काम करणारा नट तोच, डॅनियल डे किम, ज्याने ही मालिका अमेरिकेत आणली.

म्हणजे आपण ज्या क्लिपवर हसलो, ती एका माणसाला त्याच्या खोलीतून बाहेर काढण्याची क्लिप होती. तेही त्याचं काम चुकलं म्हणून नाही, त्याच्या नावापुढे एक शब्द लागला होता म्हणून.

पडद्याला अचाट माणूस लागतो

सोलापूरकरांना पडद्यावरचा तरुण सर्जन नवा नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याच गावचे, जन्म १० ऑक्टोबर १९१०. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच, अपस्माराच्या झटक्यांनी, वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. चार वर्षांत व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि कोटणीस स्वतः साकारले. भैय्या चौकाजवळचं त्यांचं स्मारक आम्हाला शाळेतून दाखवायला नेलं होतं.

मी हे का सांगतोय? पडद्यावर डॉक्टर यायचा तर तो अचाट लागतो, म्हणून. कोटणीसांचं आयुष्य खरोखरच तसं होतं. पण शॉन मर्फीच्या बाबतीत मालिकेने ते अचाटपण त्याच्या ऑटिझमलाच जोडलं. त्याला सॅव्हंट दाखवलंय. डोळ्यांसमोर शरीराचे थ्रीडी नकाशे फिरतात, एकदा वाचलेलं विसरत नाही. १९८८ च्या 'रेन मॅन'मध्येही तेच होतं, कॅसिनोत पत्ते लक्षात ठेवणारा भाऊ. बहुतेक ऑटिस्टिक माणसांकडे अशी काही शक्ती नसते. माझ्या आतेभावाला पक्षी येतात, इंटिग्रेशन येत नाही. मलाही यायचं नाही, तरी मी बीटेक झालो.

आपल्याकडे 'तारे जमीन पर' २००७ मध्ये आला, तो डिस्लेक्सियावर. 'माय नेम इज खान' २०१० मध्ये, 'बर्फी' २०१२ मध्ये. या सिनेमांनी शब्द घरोघरी पोचवला हे मान्य करायला पाहिजे. पण लोकांच्या डोक्यात हेही बसलं की असा मुलगा काहीतरी चमत्कार करून दाखवेल, मग त्याला जागा द्यायची. चमत्कार न करणाऱ्याचं काय, हा आत्याचा प्रश्न होता.

नावाचा इतिहास, थोडक्यात

१९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांचं वर्णन करणारा लेख लिहिला. ऑटिझम हे निदान म्हणून जगात चालू झालं ते तिथून. पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी अशाच मुलांवर लिहिलं. नंतरची वीसेक वर्षं मात्र एक दुष्ट समज चालला, की आई थंड असते, माया करत नाही, म्हणून मूल असं होतं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून तो खोडला. तो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता.

आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "खोडला असेल तुमच्या अमेरिकेत. आमच्या गल्लीत अजून आहे."

भारतातही काम आधी पालकांनीच उभं केलं. दिल्लीत मेरी बरुआ या आईने १९९१ मध्ये 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केलं. मुंबईत २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्तींनी 'उम्मीद' काढलं. पण कायद्याच्या दारात मामला वेगळा होता.

महाराष्ट्रातला बोर्डरूम सीन

ऑटिझमकडे यायच्या आधी एक खरी गोष्ट सांगतो. डॉ. सुरेश अडवाणी हे नाव ऐकलंय? लहानपणी, आठव्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला आणि व्हीलचेअर आली. डॉक्टर व्हायचं ठरवलं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने आधी अपंगत्वाचं कारण देऊन प्रवेश नाकारला. त्यांनी पिच्छा सोडला नाही, वरपर्यंत दाद मागितली आणि प्रवेश मिळवला. पुढे टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८३ मध्ये त्यांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं, भारतातलं पहिलं यशस्वी. पेशंट होती नऊ वर्षांची कॅन्सरग्रस्त मुलगी, मज्जा दिली तिच्या भावाने. २००२ मध्ये पद्मश्री, २०१२ मध्ये पद्मभूषण.

आता विचार करा. तेव्हा प्रवेश नाकारणारे लोक वाईट नव्हते. त्यांना प्रामाणिकपणे वाटलं असेल की व्हीलचेअरवरचा मुलगा वॉर्डात फिरणार कसा? त्यांनी व्हीलचेअर पाहिली आणि उत्तर देऊन टाकलं. तुला हे काम कसं करता येईल, हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

अडवाणींच्या वेळी असा प्रश्न विचारायला लावणारा कायदाच नव्हता. तो आला १९९५ मध्ये. अपंग व्यक्तींसाठीच्या त्या कायद्यात सात प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, कर्णदोष, हालचालीचं अपंगत्व, मतिमंदत्व (तेव्हाचा शब्द) आणि मानसिक आजार. सरकारी शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा. यादीत ऑटिझम नव्हता. चार वर्षांनी, १९९९ मध्ये, नॅशनल ट्रस्टचा कायदा आला, त्यात ऑटिझम आला. पण तो मुख्यतः सांभाळ आणि पालकत्वाचा कायदा होता, आई-बापांच्या मागे मुलाकडे कोण बघणार यासाठीचा. थोडक्यात, सरकारच्या लेखी ऑटिस्टिक माणूस सांभाळण्याचा विषय होता. तो कॉलेजला जाईल, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

२००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मान्य केला. त्याला धरून २०१६ चा नवा कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातचे २१ प्रकार झाले. ऑटिझम आत आला. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा, अट ४० टक्के अपंगत्वाची. आणखी एक मोठी गोष्ट त्या कायद्यात आहे: वाजवी सोय. म्हणजे माणसाला काम करता यावं म्हणून संस्थेने रास्त तेवढे बदल करायचे. ही भीक नाही, तो हक्क आहे.

योगायोग बघा, हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये शॉन मर्फी टीव्हीवर आला. पडद्यावरचं बोर्ड त्याला आत घेत होतं, तेव्हा आपल्याकडे एक तक्ता तयार होत होता.

तो तक्ता

मेडिकल कौन्सिलने २०१९ मध्ये एमबीबीएस प्रवेशाच्या नियमांना एक परिशिष्ट जोडलं. कोणतं अपंगत्व किती टक्के असलं तर प्रवेश, किती असलं तर राखीव जागा, किती असलं तर अपात्र. मी व्यवसायाने इंजिनिअर, मला तक्ते आवडतात. हा तक्ता वाचताना मात्र मी तीनदा थांबलो.

ऑटिझमच्या ओळीत काय होतं? सौम्य असेल, ४० ते ६० टक्क्यांच्या आत, आणि तज्ज्ञांच्या पॅनलने योग्य ठरवलं तर शिकता येईल. राखीव जागा? सध्या नाही, कारण मोजायची खात्रीची पद्धत नाही. आणि ६० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर अपात्र.

परत वाचा. राखीव जागा द्यायची वेळ आली की म्हणायचं, मोजमाप भरवशाचं नाही. बाहेर काढायची वेळ आली की तेच मोजमाप ६० वर रेघ मारायला पुरेसं भरवशाचं. माझ्या कोडमध्ये मी असं लिहिलं असतं तर रिव्ह्यूत पहिल्याच मिनिटाला कुणीतरी पकडलं असतं.

त्याच ओळीत 'अ‍ॅस्पर्जर' हा शब्द होता. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथातून हे वेगळं निदान २०१३ मध्येच काढून टाकलेलं. आपला नियम सहा वर्षांनी लिहिला गेला, शब्द जुनाच.

ही टक्केवारी येते कुठून? भारतात त्यासाठी 'इसा' नावाची मोजपट्टी आहे. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. म्हणजे कमीत कमी ४०, जास्तीत जास्त २००. नजरेला नजर देतो का, तेच तेच हातवारे करतो का, आवाजाने बिथरतो का, अशा गोष्टी. त्या गुणांवरून टक्के. मुलाला कुठे मदत लागेल हे समजायला ही पट्टी कामाची आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. पण त्या ४० मुद्द्यांत 'याला रक्ताची स्लाइड वाचता येईल का' असा मुद्दा नाही. असणार कसा? ती त्यासाठी बनवलेलीच नाही.

आत्या सर्टिफिकेटसाठी फिरली तो किस्सा सांगतो. कुठल्या ऑफिसात ते महत्त्वाचं नाही. एका टेबलावर तिला सांगितलं, "मुलगा चांगला बोलतोय की, सर्टिफिकेट कशाला पाहिजे?" दुसऱ्या टेबलावर त्याच दिवशी विचारलं, "मग याला सायन्सला कशाला घातलं?" आत्या म्हणते, "एकाला माझा मुलगा पुरेसा अपंग वाटेना आणि दुसऱ्याला पुरेसा शहाणा वाटेना. मधे पंधरा पावलांचं अंतर होतं."

तक्त्यातली बोलण्याच्या दोषाची ओळ तर याहून भारी. ४० टक्क्यांच्या खाली असाल तर शिका, पण राखीव जागा नाही, कारण कायद्यात हक्क ४० पासून सुरू होतो. ४० किंवा वर असाल तर अपात्र. म्हणजे हक्क ज्या आकड्याला सुरू होतो, त्याच आकड्याला दार बंद. आम्ही याला डेड कोड म्हणतो. लिहिलेलं असतं, पण कधीच चालत नाही.

दार ढकललं ते महाराष्ट्रातल्या मुलांनी

आणि इथे गोष्ट आपल्याकडे येते. २०२४ च्या नीटनंतर महाराष्ट्रातला एक विद्यार्थी याच ओळीत अडकला. बोलण्याचा दोष, टक्के चाळिशीच्या थोडे वर. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला, तिथे तारीख लांबची पडली, प्रवेश तर डोक्यावर. मग थेट सर्वोच्च न्यायालय. निकालाचं नाव 'ओंकार रामचंद्र गोंड विरुद्ध भारत सरकार'.

न्यायमूर्ती होते अमरावतीचे भूषण गवई, अरविंद कुमार आणि के. व्ही. विश्वनाथन. त्यांनी आकड्यावर वाद घालत बसण्याऐवजी दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना साधा प्रश्न विचारायला लावला: या मुलाचा दोष एमबीबीएस शिकण्याच्या आड येईल का? डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, येणार नाही. सप्टेंबरमध्ये प्रवेशाचा आदेश झाला, १५ ऑक्टोबर २०२४ ला सविस्तर निकाल आला.

निकालाचं सार असं: नुसता टक्क्यांचा आकडा पाहून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. बोर्डाने तपासायचं ते हे, की हा माणूस हा अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का. नाही म्हणायचं असेल तर कारणं लिहून द्यायची. आणि त्या नकारावर कोर्टात दाद मागता येते.

दहा दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, दुसरा निकाल आला. 'ओम राठोड विरुद्ध आरोग्य सेवा महासंचालक'. हेही प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेलं. या विद्यार्थ्याला स्नायूंचा आजार, अपंगत्व ८८ टक्के. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं की बोर्डांनी यंत्रासारखं आकड्याकडे बघायचं नाही, माणूस काय करू शकतो ते बघायचं, आणि कोणती साधनं, कोणत्या सोयी दिल्या तर करू शकेल तेही बघायचं. त्याला तपासलं होतं डॉ. सतेंद्र सिंग यांनी. ते स्वतः पोलिओमुळे अपंग असलेले डॉक्टर आहेत आणि या प्रश्नावर वर्षानुवर्षं लढतायत. पुढे २१ फेब्रुवारी २०२५ ला 'अनमोल' या निकालात, दोन्ही हात शाबूत असलेच पाहिजेत, ही तक्त्यातली अटही मनमानी ठरली.

अडवाणींच्या वेळचा न विचारलेला प्रश्न अखेर कायद्याच्या भाषेत लिहिला गेला. मधे जवळजवळ साठ वर्षं गेली.

मग आत्याला काय सांगितलं

खोटी आशा लावायची नाही, म्हणून सरळ सांगतो. हे तिन्ही निकाल ऑटिझमवरचे नाहीत. एक बोलण्याचा, एक स्नायूंचा, एक हाताचा. पण त्यातलं तत्त्व अख्ख्या तक्त्याला लागू पडतं: आकड्यावर थांबू नका, माणसाला तपासा. २०२५ च्या प्रवेशांसाठी आयोगाने अंतरिम सूचना काढल्या, त्यात उमेदवाराने आपल्याला काय करता येतं हे स्वतः लिहून द्यायचं आहे. गाडी हललीय. स्टेशन अजून आलेलं नाही.

आणि ऑटिस्टिक माणूस डॉक्टर होऊ शकतो का, हा प्रश्नच नाही. असे डॉक्टर जगात आहेत. आयर्लंडच्या भूलतज्ज्ञ डॉ. मेरी डोहर्टी यांनी २०१९ मध्ये ऑटिस्टिक डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना काढली, ती स्वतः त्यांच्यातलीच एक म्हणून. यातले किती जण कित्येक वर्षं निदान न सांगता काम करत होते. गंमत म्हणजे मालिकेलाही हे शेवटी कळलं. सातव्या सीझनमध्ये शॉनच्या हाताखाली एक ऑटिस्टिक विद्यार्थिनी येते, आणि ते काम केलंय कायला क्रोमर या खरोखर ऑटिस्टिक असलेल्या नटीने. आता शॉन साहेब झालाय, आणि त्यालाच तिचा वैताग येतो. हा भाग मला सगळ्यात खरा वाटला.

गेल्या महिन्यात सोलापूरला गेलो तेव्हा हे सगळं आत्याला समजावून सांगितलं. तिने निकालांची नावं गॅसच्या डायरीत मागच्या पानावर लिहून घेतली, तारखांसकट. म्हणाली, "पुढच्या टेबलावर कुणी काही बोललं तर ही वही काढीन."

आतेभाऊ शेजारीच होता, कडक भाकरी मोडून शेंगाचटणीत बुडवत होता. मी त्याला विचारलं, "तुला व्हायचंय का सर्जन?"

तो म्हणाला, "नाही. मला पॅथॉलॉजी आवडते. मायक्रोस्कोप शांत असतो."

मी हसलो. म्हटलं, "मग डॉ. हानने शॉनला तिथे पाठवलं ते बरोबरच की!"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. भाकरी खाऊन झाली, ताटात हात धुतले, मग म्हणाला, "त्याने विचारलं नव्हतं."

पॅथॉलॉजिस्ट व्हायलाही आधी एमबीबीएसच करावं लागतं, म्हणजे दार तेच. नीटला अजून दीड वर्ष आहे. इंटिग्रेशनचं बघतो म्हणालोय मी, रविवारी व्हिडिओ कॉलवर. मला ते येत नाही हे त्याला माहीत आहे. तो म्हणाला, चालेल, दोघं मिळून शिकू.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात, वर्गात, ऑफिसात कुणी अशा टेबलांवरून फिरलं असेल तर मला जरूर कळवा, पण त्यांना विचारून. आणि ते मीम परत समोर आलं तर फॉरवर्ड करायच्या आधी एकदा पूर्ण सीन बघा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.